फुलोऱ्याच्या कढईतलं तेल

तळण संपलं, गॅस बंद झाला, की घरातल्या बायकांना वाटतं आता सुटलो. डबे भरले जातात, कुणीतरी चहा टाकतं, आणि कढई तशीच ओट्यावर राहते. तिच्यात काळपट, तळाशी पिठाचा गाळ बसलेलं, अजून कोमट असलेलं तेल. त्या तेलाकडे कुणी बघत नाही. माझं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं.

मी केजमध्ये घरोघरी जाऊन तळण करते. दिवाळीचा फराळ, लग्नाचं रुखवत, डोहाळजेवणाचे पदार्थ, अधिक महिन्यातल्या जावयांची धोंड्याची जेवणं. लोक मला लताबाई म्हणतात, नव्या सुना मावशी म्हणतात. माझी हत्यारं फार नाहीत. एक झारा, एक चाळणी, चकलीचा सोऱ्या आणि धुऊन मऊ झालेलं जुन्या लुगड्याचं फडकं. हे सगळं एका निळ्या रेक्झिनच्या पिशवीत मावतं. मुलगा म्हणतो, "आई, चाकाची बॅग घेऊन देतो, हे काय धोकटं घेऊन फिरतीस?" मी ऐकत नाही. त्या पिशवीची गोष्ट पुढे येईलच.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, मी चकली खुसखुशीत कशी करायची ते सांगीन. ते कुणीही सांगतं. मोबाईलवर तर सकाळ-संध्याकाळ सांगतात. तळून झाल्यावर उरलेल्या तेलाचं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. आणि माझ्या अनुभवात घरात भांडणं चकलीवरून कमी आणि त्या तेलावरून जास्त झालीत.

आमच्या धंद्यातली पहिली अक्कल म्हणजे तळणाचा क्रम. शंकरपाळी आधी, कारण ती तेलाला त्रास देत नाही. मग चकली, शेव. करंजी त्यानंतर, कारण एखादी फुटली की सारण तेलात जातं आणि पुढचं सगळं काळं पडतं. अनारसा सगळ्यात शेवटी. त्याची खसखस तळाशी जाऊन जळते, गूळ तेलात उतरतो, आणि मग ते तेल कुणाच्याच उपयोगाचं राहत नाही. तेल मेलं की नाही हे बघायला मी बोटांवर घेते. गार झाल्यावर दोन बोटांत धरून सोडलं आणि तार ओढली गेली, तर ते मेलं. तापवताना लगेच धूर सोडत असेल, पदार्थ टाकल्यावर वरपर्यंत फेस येत असेल, तरी मेलंच. जिवंत तेल गाळून ठेवावं आणि आठवड्याभरात भाजी-फोडणीला संपवावं. मेलेलं तेल घरातून बाहेर घालवावं, आणि इथेच सगळे चुकतात.

आमच्याकडे पूर्वी करडीचं तेल असायचं. ते थंडीतही पातळ राहतं. मोरीचं पाणी परसात जायचं, मातीत मुरायचं, त्यामुळे चार थेंब तेल गेलं तरी कुणाला कळत नसे. आता दुकानात स्वस्तात मिळतं ते पाम तेल आणि मोऱ्यांना पाइप. बाया म्हणतात, "मावशी, मी वरून उकळतं पाणी ओतते की." उकळत्या पाण्याने तेल वितळतं हे खरं, पण ते वितळून जातं कुठे? पहिल्या वळणापर्यंत. पुढे अंगणाखाली पाइप गार असतो. तिथे ते तेल तुपासारखं थिजतं, त्यावर साबणाचा फेस, डाळीचं पीठ, भाताची शितं चिकटतात, आणि पाडव्याला सकाळी अभ्यंगस्नानाचं पाणी घरात परत येतं. एका घरी तर वरच्या मजल्यावरच्या बाईंनी ओतलेलं तेल खालच्या भाडेकरूच्या मोरीतून वर आलं होतं. त्यांची दिवाळी एकत्र झाली म्हणायची.

म्हणून मी स्वतःचा नियम करून घेतला. कढई रिकामी करून कोरडी पुसल्याशिवाय मी घर सोडत नाही. थोडं तेल असेल तर रद्दी कागदाने पुसून कागद घंटागाडीत. जास्त असेल तर पूर्ण गार होऊ द्यायचं, मग लाकडाचा भुगा नाहीतर चुलीची राख घालून लाडवासारखा गोळा करायचा आणि पिशवीत बांधून कचऱ्यात. पाण्याखाली जाण्याआधी कढई मूठभर कोंड्याने घासायची. कोंडा सगळी चिकटी पिऊन घेतो. यात शिकण्यासारखं काही नाही, फक्त कंटाळा करायचा नाही.

पण लोकांची डोकी अजब चालतात. आष्टीकडच्या एका आजोबांनी घराची सागवानी चौकट वाळवीपासून वाचवायला तळणीचं तेल फडक्याने चोळून लावलं. वाळवी आली नाही, उंदीर आले. मी पुढच्या वेळी गेले तर चौकटीचा कोपरा कुरतडलेला. आजोबा मलाच म्हणाले, "लताबाई, तुमच्या चकलीला लई वास हाय बगा. माज्या दाराला उंदरं सोडंनात." ते रागावले होते की कौतुक करत होते, मला अजून कळलेलं नाही. एका ताईंनी कुंडीतल्या कढीपत्त्याच्या मुळाशी रोज वाटीभर तेल घातलं. विचारलं तर म्हणाल्या, "फोडणीत टाकलं की किती फुलतो तो! म्हटलं, मुळालाच द्यावं." कढीपत्ता आठवड्याभरात वाळला. मी हसले, त्यांनी मला त्या दिवशी चहा दिला नाही.

आता मला सांगायची आहे ती गोष्ट.

केजला बसस्टँडच्या मागच्या नव्या वसाहतीत एक कुटुंब राहतं. मूळचे चकलांब्याचे. मुलाचं, महेशचं, इथे किराणा दुकान. त्याची बायको वैशाली, आणि आई रुक्मिणबाई. म्हातारीचे गुडघे गेलेले, हातात काठी, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. मला बोलावलं ते नवरात्रात फुलोऱ्यासाठी. फुलोरा म्हणजे देवीच्या घटावर दोऱ्याने टांगायच्या कडाकण्या, म्हणजे कडक पुऱ्या, छोट्या करंज्या, कणकेची वेणी-फणी, सगळं तळलेलं.

तळून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे कढईकडे वळले, तर रुक्मिणबाईंनी काठी आडवी धरली.

"त्याला हात लावू नका. देवीच्या कढईचं तेल हाय ते. मोरीत ओतायचं न्हाई, उकिरड्यावर टाकायचं न्हाई, घरात खायचं बी न्हाई."

"मग ठेवायचं कुठं?"

त्यांनी मला जिन्याखाली नेलं. तिथे तेलाचे कॅन रांगेत उभे, प्रत्येकाच्या गळ्याला लाल दोरा. गाव सोडल्यापासूनच्या प्रत्येक नवरात्राचं तेल.

"गावाकडं असं साचत न्हवतं ओ," त्या म्हणाल्या. "वाटीभर तेलात फुलोरा व्हायचा. उरलं तर सांजच्याला आराधी पोत घिऊन दारात यायची, तिच्या पोतावर घालायचं. हितं कोण येतंय दारात? आन महेश दुकानातून डबाच उचलून आणतो."

पोत म्हणजे चिंध्यांचा पीळ देऊन केलेला पलिता. आराधी बाया नवरात्रात तो पेटवून दारोदार फिरतात आणि घरची बाई त्यावर तेल घालते. नव्या वसाहतीत पोत येत नव्हता, पण रुक्मिणबाईंचा नियम त्यांच्याबरोबर आला होता. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं की कॅन उन्हापासून लांब ठेवा. पहिल्यांदा गेलेल्या घरात जास्त बोलायचं नसतं.

पुढच्या वर्षी फुलोरा तळायला गेले, तर दारातच वास आला. आंबूस, खवट, मोरी तुंबल्याचा. अंगणात नळवाला बसलेला. तारेच्या स्प्रिंगने पाइपातून पिवळट पांढरे गोळे बाहेर ओढत होता. आत रुक्मिणबाई खाटेवर, मांडीवर एक निळी रेक्झिनची पिशवी घट्ट धरलेली. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं.

"लताबाई, चकलांब्याला जायला गाडी कवा असती?"

मी मनात वाट मोजली. केजहून बीड, बीडहून गेवराई, तिथून जीप. एवढा प्रवास या गुडघ्यांनी? आणि तिकडे घराला कुलूप.

"आता न्हाई जात," त्याच पुढे म्हणाल्या. "घट बसल्यात. घट उठू द्या, दसऱ्याचं सोनं वाटलं की मी निघाली. माज्या देवीचं तेल जिथं मोरीत जातंय, तिथं माजं काय काम?"

स्वयंपाकघरात वैशाली कणीक मळत होती. डोळे सुजलेले. घट बसवण्याआधी घर धुताना तिने जिन्याखालचे कॅन काढले होते आणि एकेक करत मोरीत रिकामे केले होते, वरून गरम पाणी आणि धुण्याची पावडर. मोरी तुंबली तेव्हा दोन कॅन उरले होते, ते तिने मागे सरपणाच्या आड ठेवले.

"का ओतलंस गं?" मी विचारलं.

"मावशी, कॅन गळत व्हते. सगळा जिना तेलकट झालता. आत्या पहाटे काठी टेकत तिथूनच बाथरूमला जातात. पाय घसरला असता म्हंजी? मला झोप लागंना त्या इचारानं."

"मग हे त्यांना सांगितलंस का?"

"त्या ऐकून घेतल्यावर सांगीन ना. दोरे बघितले कचऱ्यात आन तवापासून त्या माज्या हातचं पाणी बी घेत न्हाईत."

मला दोघींचाही राग आला, खरं सांगते. एवढं चांगलं घर, आणि तेलाच्या कॅनवरून फुटायला निघालेलं. म्हातारी तिकडे एकटी गेली असती तर हिवाळाही निघाला नसता, हे तिचं तिलाही माहीत होतं. महेश दुकानात बसून होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, दोघींच्या मधी मी बोललो की दोघी मलाच धरतात." तेही खरंच होतं.

त्या दिवशी फुलोरा तळला, पण कढई मी लहान घेतली. वाटी-दीड वाटी तेलात सगळं बसवलं. रुक्मिणबाई खाटेवरून बघत होत्या. या वेळी काठी आडवी आली नाही.

घरी जाताना मी वाट वाकडी करून सोनाबाईंकडे गेले. सोनाबाई आराधीण, आमच्या जुन्या गल्लीत राहतात. नवरात्रात जुन्या गावात त्यांचा पोत फिरतो. मी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं की ते तेल पोतावर चालेल का. वाटलं होतं, त्या म्हणतील उष्टं आहे, विटाळ आहे. त्यांनी अडचण काढली ती निराळीच.

"देवीच्याच कढईचं हाय म्हणल्यावर तिलाच जाईल की. त्याचं मला काय न्हाई. पर तळणीच्या तेलात पाणी ऱ्हातं, लताबाई. पोतावर घातलं की चटचट उडतं. माज्या भणीचा पदर पेटलता एकदा. मी न्हाई घेणार."

मी मनात म्हटलं, पाण्याचं भांडण असेल तर ते माझं काम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते दोन्ही कॅन मागच्या अंगणात उघडले. वास असा की नळवालाही उठून गेला. तिथेच छोटी गॅसची शेगडी मांडली, मोठ्या पातेल्यात तेल घेतलं आणि ज्योत अगदी बारीक ठेवली. तेलात पाणी असलं की तळाशी बुडबुडे येतात आणि बारीक चरचर ऐकू येते. घाई केली तर ते अंगावर उडतं. मी शेजारी पाट टाकून बसले. रुक्मिणबाई खिडकीतून बघत होत्या. मग काठी टेकत बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या.

"काय चाललंय?"

"देवीचं तेल गाळतेय."

बराच वेळ दोघी त्या चरचरीकडे कान देऊन बसलो. मी म्हटलं, "रुक्मिणबाई, कॅन गळत होते. तुम्ही पहाटे जाता त्या वाटेवर तेल आलं होतं. वैशालीने त्यासाठी काढले."

त्या पातेल्याकडेच बघत राहिल्या.

"कुणी सांगितलं?"

"तिनंच. रडत होती."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुम्ही पाणी घ्याल तेव्हा सांगणार होती."

चरचर थांबली, बुडबुडे गेले. गॅस बंद करून मी तेल पार गार होऊ दिलं आणि लुगड्याच्या फडक्यातून दोनदा गाळलं. फडक्यावर काळा गाळ राहिला, तो राखेत कालवून टाकला. मग एका झाकणात ते तेल घेतलं, चिंधीची वात केली आणि पेटवली. रुक्मिणबाई वाकून बघत होत्या. ज्योत सरळ उभी राहिली. एक ठिणगी उडाली नाही. धूर थोडा होता, पण तो पोताला असतोच.

तेल आता उडत नाही असा मी निरोप धाडला, आणि दिवेलागणीला सोनाबाई आल्या. नव्या वसाहतीत पोत आलेला बघून शेजारपाजारच्या बाया फाटकाशी उभ्या राहिल्या. गळ्यात कवड्यांची माळ, हातात पेटलेला पोत, आणि "उदो उदो" असा आवाज की मोबाईलमध्ये मान घातलेली पोरंही बाहेर आली. रुक्मिणबाई उंबऱ्याशी. त्यांच्या मागे, दाराच्या आड, वैशाली.

मी गाळलेल्या तेलाची किटली रुक्मिणबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, कपाळाला लावली, आणि मागे न बघता म्हणाल्या, "वैशे, फुडं ये."

वैशाली पुढे आली.

"तू घाल. माजा हात थरथरतोय."

हात थरथरत नव्हता. मी शेजारीच होते, मला दिसत होतं. वैशालीने किटली दोन्ही हातांनी धरली. मी कानात म्हटलं, "धार नको, थेंब थेंब." तिने घातलं. पोत भडकला, सोनाबाईंच्या चेहऱ्यावर उजेड पडला, आणि चटचट अजिबात झाली नाही. सोनाबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. तेवढ्या एका मान हलवण्याने मला जे वाटलं, ते कुणी फराळाला छान म्हटल्यावर कधी वाटलं नव्हतं.

उरलेलं तेल सोनाबाई घेऊन गेल्या. कोजागरीपर्यंत त्यांना ते पुरलं. त्या रात्री रुक्मिणबाईंनी वैशालीच्या हातचं ताट घेतलं, आणि सगळ्यात आधी पाणी मागितलं, असं महेशने मला दुकानात सांगितलं. सांगताना तो तूरडाळ तोलत होता आणि पारडं कुठे चाललंय याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

तेव्हापासून त्या वसाहतीत दर नवरात्रात पोत येतो. आता इतर घरंही फुलोऱ्याचं तेल राखून ठेवतात आणि मी अष्टमीच्या आधी एक सकाळ गाळण्याचं काम करते. सोनाबाईंची अट आहे की लताबाईंनी गाळलेलंच तेल घेणार. खंत एवढीच वाटते की माझ्यानंतर ते गाळणार कोण. नव्या सुना तयार फराळ आणतात, त्यात त्यांची चूक नाही, दिवसभर त्याही राबतात. पण बोटांवर तेल घेऊन ते मेलंय की जिवंत आहे हे सांगणारं कुणी राहणार नाही. वैशालीला मी शिकवते आहे. ती चरचर ऐकायला शिकली आहे, गॅस मात्र अजून मोठा ठेवते.

त्या वर्षी दसऱ्याला मी सोनं द्यायला गेले. मनात धाकधूक होती, कारण निघायचा दिवस त्यांनी तोच सांगितला होता. रुक्मिणबाई खाटेवर बसल्या होत्या आणि निळी पिशवी रिकामी करत होत्या. एक लुगडं निघालं, औषधाची डबी निघाली, घराची किल्ली निघाली, आणि तळातून ते लाल दोरे निघाले, कचऱ्यातून वेचून धुऊन ठेवलेले. दोरे त्यांनी घटाच्या मातीत पुरायला वैशालीकडे दिले. किल्ली महेशला दिली. मग पिशवी झटकली, घडी घातली आणि माझ्यापुढे धरली.

"ही तुमी न्या, लताबाई."

"मला कशाला? चांगली आहे की. राहू द्या तुम्हाला."

"न्हाई वो," त्या म्हणाल्या. "घरात ऱ्हायली तर एखाद्या दिवशी परत भरावी वाटंल मला."

मी घेतली. रुक्मिणबाई अजून केजलाच आहेत आणि फुलोऱ्याला कढई लहानच हवी म्हणून दरवर्षी माझ्याशी वाद घालतात, जणू मीच मोठी मागितली होती. पिशवीचा एक बंद तुटला होता, तो वैशालीने शिवून दिला. झारा तिच्यात बरोबर मावतो.